टेकडीपर्यंतचे पॉइंट

४ मार्च
वारा पश्चिमेचा, हलका. आकाश निम्मं झाकलेलं. पाऊस नाही.

बाबांची रोजची नोंद अशी सुरू व्हायची, म्हणून माझीही. फरक एवढाच की बाबांकडे वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा होता आणि माझ्याकडे गॅलरीतली कपड्यांची दोरी आहे. ताईचा टॉवेल कुठल्या बाजूला उडतो ते पाहून मी दिशा लिहिते.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी संपून आठवडाही झाला नाही. एवढी वर्षं लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले, आता सकाळी उठून कुणाच्या नाकाकडे बघायचं ते कळत नाही. ताई म्हणाली, "काहीतरी काम लावून घे, नाहीतर माझ्या मागे लागशील." मग लावून घेतलं. काम असं: या वर्षी आम्ही दोघींनी टेकडीवर जायचं.

टेकडी म्हणजे वेधशाळेची. बाबा तिथे हवामानाचे निरीक्षक होते. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याखाली अंगण आणि अंगणात चार पायांवर उभी असलेली पांढरी पेटी. तिला खिडकीला असतात तसे झाप होते आणि आत थर्मामीटर. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी आणि उंच, म्हणून पेटीत डोकावून पारा वाचायचं काम तिचं. माझं काम कोंबड्याखाली उभं राहून दिशा ओरडायचं. सकाळी वारा पूर्वेचा असायचा आणि दुपारी चारच्या सुमारास फिरून पश्चिमेचा व्हायचा. मी "पश्चिम" असं बेंबीच्या देठापासून ओरडले की आई दोरीवरच्या चादरी आत घ्यायला धावायची, कारण त्या उलट्या उडून भिंतीला घासायच्या. मी अकरा वर्षांची असताना बाबांची बदली झाली. त्यानंतर मी ती टेकडी पाहिलेली नाही.

ताईने पाहिली आहे. तीन वर्षांपूर्वी आत्याच्या नातीच्या लग्नाला ती एकटीच त्या बाजूला गेली होती. मला दुकानातून सुट्टी मिळाली नाही. आल्यावर तिने सांगितलं, पेटी तशीच आहे, नुकताच रंग दिलाय. कोंबडा गंजलाय पण फिरतो. नव्या निरीक्षकाच्या मुलीने ओट्यावर बसवून तिला पाणी दिलं. ते ऐकल्यापासून टेकडी माझ्या डोक्यात जी बसली ती बसलीच. त्याआधी पन्नास वर्षं मी तिकडे जायचं नावही काढलं नव्हतं.

तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं, चल, दोघी जाऊ. ती म्हणाली, "पैसे घालून तिकडे जायचं नाही. फुकट जायला मिळालं तर बघू." तिला वाटलं असणार, विषय मिटला. नेमकं त्याच महिन्यात दुकानाने आम्हा सगळ्यांना बँकेचं क्रेडिट कार्ड काढून दिलं. एक माझ्या नावावर, त्याच्याच खात्यावर दुसरं ताईच्या नावावर. दोघींच्या खरेदीचे पॉइंट एकाच ठिकाणी जमतात. बारा हजार पॉइंट झाले की दोन माणसांची विमानाची तिकिटं, जाऊन-येऊन. आगगाडीचा दोन दिवसांचा प्रवास आता ताईच्या गुडघ्यांना झेपायचा नाही, पण विमानाने दुपारपर्यंत पोचू. आज आठ हजार नऊशे आहेत. अट तिची आहे, मी फक्त ती पुरी करते आहे.

९ मार्च
वारा नाही म्हणावा इतपत. टॉवेल सरळ लोंबतोय.

खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना गाठलं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी अख्खी इमारत त्यांना बँकवालेच म्हणते आणि त्यांनाही ते आवडतं. कार्डाबरोबर येणारं बारीक अक्षरांचं पत्रक ते गोष्टीच्या पुस्तकासारखं रंगून वाचतात. वाचायचा चष्मा मीच बसवून दिलेला आहे.

त्यांनी समजावलं ते असं. पॉइंट वस्तूच्या किमतीवर मिळत नाहीत, कार्डातून जेवढे पैसे जातात तेवढ्यावर मिळतात. शंभराला चार. दुकानात दहा टक्के सूट घेतली तर पॉइंट उरलेल्या नव्वदावर. काही सवलतींच्या तळाला तर सरळ लिहिलेलं असतं की ही घेतली तर या खरेदीला पॉइंटच नाहीत. हप्ते केले तरी बहुतेक नाहीत. कॅशबॅकची तऱ्हा आणखी वेगळी. आधी पूर्ण पॉइंट दाखवतात, मग पैसे परत आले की त्या हिशेबाने पॉइंट काढून घेतात.

"म्हणजे दोन्ही काही मिळायचं नाही," मी म्हटलं.

"कशाला मिळेल? बँक काय तुमची मावशी आहे?" बँकवाले म्हणाले. "आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा सूटच फायद्याची असते. पॉइंटांच्या नादी लागू नका. त्यांना मुदत असते. तुमचे पहिले पॉइंट या वर्षअखेरीला बाद होतील."

मला फायदा नकोच आहे, मला टेकडी हवी आहे. पण हे त्यांना सांगून काय उपयोग. मी आभार मानले आणि वर आले. वर्षअखेर म्हणजे अजून भरपूर वेळ आहे.

२२ मार्च
वारा दक्षिणेचा, झोडपणारा. आकाश पूर्ण झाकलेलं. माझंही.

वॉशिंग मशीन अखेरच्या घटका मोजत होतं, म्हणून नवीन घ्यायचं ठरलं होतं. मी आठवडाभर खूष होते, कारण एवढ्या मोठ्या खरेदीवर एका झटक्यात सोळाशे पॉइंट येणार होते. दुकानात मशीन पसंत केलं, ताईला म्हटलं तू काउंटरवर कार्ड दे, मी घरी पोचवायचा पत्ता लिहून देते. पत्ता लिहायला असा कितीसा वेळ लागतो. परत आले तर ताईने सूटही घेतलेली आणि हप्तेही करून घेतलेले.

"मुलगी म्हणाली आज ऑफर आहे," ताई म्हणाली. "बारा टक्के. वर बिनव्याजी हप्ते. एवढं कोण सोडतं?"

मी तिथेच कपाळावर हात मारला. पॉइंट शून्य. काउंटरवरच्या मुलीला वाटलं मला भोवळ आली. तिने खुर्ची दिली.

मला राग त्या बारा टक्क्यांचा आला नाही. नवल वाटलं ते ताईचं. ताई म्हणजे काय चीज आहे हे त्या मुलीला माहीत नाही. इस्पितळाचा कपडेखाना तिने सांभाळला. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. ठोक व्यापारी यायचे, अमुक घ्या, तमुक टक्के कमी करतो म्हणायचे. ताई चादर उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "सूट नको. माल चांगला द्या." घरातही तेच. मी सेलच्या पाट्या दाखवल्या की ती म्हणायची, जो न मागता किंमत उतरवतो तो काहीतरी झाकतो. आणि तीच बाई आज बारा टक्क्यांना भुलली.

निवृत्त झाल्यावर माणसं अशी होतात म्हणतात. हात आखडतो. पण तिला निवृत्त होऊन आता दहा वर्षं होतील.

१९ एप्रिल
वारा पश्चिमेचा. आकाश मोकळं.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते रोज होत होतं. किराणा आणायला ताई जाते तेव्हा कुठून तरी कात्रण नाहीतर कूपन घेऊन जाते. औषधवाला रोख दिले तर पाच टक्के सोडतो हा शोध तिला लागलाय, त्यामुळे तिथून एक पॉइंट येत नाही. मी तिला समोर बसवून बँकवाल्यांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं, दोन प्रश्नही विचारले. आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट जोमाने कामाला लागली.

ब्लँकेटांची गोष्ट तर लिहूनच ठेवते. दोन ब्लँकेटं मी पूर्ण किमतीला, कार्डावर, कुठलीही ऑफर न घेता आणली. पॉइंट जमा झाले, मी ते ताईला दाखवले. चार दिवसांनी ताई स्वतः जाऊन ब्लँकेटं परत करून आली. पॉइंट वजा.

"रंग डोळ्यांत खुपत होता," ती म्हणाली.

"तूच निवडला होतास रंग."

"तेव्हा दुकानातल्या दिव्यात वेगळा दिसला."

चादरींत आयुष्य घालवलेल्या बाईला दुकानातल्या दिव्याने फसवलं. संध्याकाळी वाईट वाटलं, कारण मला वाटतं तिला माझ्याबरोबर यायचंच नाहीये. एकत्र राहून आम्ही एकमेकींना पुरत्या ओळखतो, त्यात प्रवासात मी फार बोलते.

११ मे
वारा पश्चिमेचा, मध्यम. उकाडा.

आज दुपारी चहा घेताना ताईला म्हटलं, टेकडीचं सांग ना. ती कंटाळत नाही सांगायला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. तिचा चेहरा बदलतो, आवाज खाली येतो. म्हणाली, ओट्याच्या कठड्याला आता निळा रंग दिलाय. कोपऱ्यातलं आईचं तुळशीसारखं वाढलेलं ते सुगंधी झुडूप अजून आहे, चांगलं खांद्याएवढं झालंय. पायऱ्यांपैकी ती हलणारी पायरी अजून हलते. मी डोळे मिटून ऐकत होते. आईचा हात लागलेलं झुडूप अजून वाढतंय म्हटल्यावर मला भरून आलं.

नंतर आठवलं, गेल्या वर्षी तिने कठडा हिरवा सांगितला होता. आणि झुडुपाबद्दल तर कधीच बोलली नव्हती.

मला भीती वाटतेय. तिचं वय पंचाहत्तरीला टेकलं नसलं तरी लांब नाही. सूट, ब्लँकेटं, निळा-हिरवा. विसरायला लागली असेल का?

२० मे
वारा बघितला नाही.

ताईला डॉक्टरकडे नेलं. गुडघे दाखवायचे असं सांगून नेलं. डॉक्टरांनी तिला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं. तिने सगळं घडाघडा केलं आणि तपासायच्या टेबलावरच्या चादरीची घडी चुकीची घातलीय हेही सांगितलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "त्यांचं डोकं उत्तम आहे. तुम्ही स्वतः नीट झोपता ना?"

५ जुलै
वारा नैऋत्येचा, जोराचा. पाऊस, थांबून थांबून.

मी काही हार मानणारी नाही. इमारतीच्या जिन्याला रंग द्यायचं ठरलं, रंगाऱ्याचं बिल कोणी भरायचं यावर नेहमीसारखी वादावादी सुरू झाली. मी म्हटलं, मी भरते कार्डावर, तुम्ही सगळे आपापला वाटा मला द्या. सगळ्यांना मी देवमाणूस वाटले. बँकवाले मात्र गालात हसले. पॉइंट पूर्ण, कारण रंगारी कसली सूट देतो. त्यानंतर शेजारणीच्या मुलाचा चष्मा, समोरच्यांची पाण्याची टाकी, सगळं मी माझ्या कार्डावर करते. लोक मला हाका मारून बोलावतात.

ताई खिडकीत बसून बघते. आज म्हणाली, "एवढं काय आहे गं त्या टेकडीत?"

मी म्हटलं, "तू बघून आलीस, तू सांग." त्यावर ती आत निघून गेली. मी इथे लिहून ठेवते, कारण तिला सांगता आलं नाही: आई आणि बाबा दोघं हसताना मला आठवतात ते फक्त तिथलेच. बदलीनंतर आई आजारी पडली. मग ताईनेच माझी वेणी घातली, डबा केला, माझ्या शाळेत पालक म्हणून आली. अठरा-एकोणीस वर्षांची पालक. मला एकदा तिला त्या ओट्यावर नुसतं बसवायचं आहे. काही काम न करता.

२८ ऑगस्ट
वारा पश्चिमेचा, हलका. आकाश निरभ्र.

अकरा हजार नऊशे. दोन किराणे बाकी. मी गाणं गुणगुणत स्वयंपाक केला. ताई जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली.

३० ऑगस्ट
वारा: नाही लिहीत.

ताई आज एकटीच बाजारात गेली आणि इस्त्री घेऊन आली. आमची इस्त्री चांगली चालते. वर महागडा इस्त्रीचा पाट, वर पडद्यांचं कापड. मी म्हटलं, बरं झालं, कार्डावर घेतलंस ना? म्हणजे आज बारा हजार पुरे.

"कार्डावरच," ती म्हणाली. "मुलीने विचारलं, साठलेले पॉइंट वापरून किंमत कमी करू का? मी म्हटलं कर."

तीन हजार पॉइंट. तीन वर्षांच्या साठ्यातला एवढा भाग एका इस्त्रीत गेला. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ताई खुर्चीत नवी इस्त्री मांडीवर घेऊन बसून राहिली.

१ सप्टेंबर
वारा पूर्वेचा, हलका. आकाश निम्मं.

रागाच्या भरात ठरवलं, पॉइंट गेले खड्ड्यात, मी माझ्या पैशांनी एकटी जाते. टेकडीच्या पायथ्याच्या गावातल्या एका गेस्ट हाउसचा नंबर मिळवला. फोनवर माणूस चांगला होता. मी म्हटलं, टेकडीकडे खिडकी असलेली खोली द्या.

"कुठली टेकडी?"

"वेधशाळेची."

"बाई, वेधशाळा जाऊन तर खूप वर्षं झाली. टेकडी पण गेली. तिथे दगडाची खाण आहे आता. सगळी खाली खणलीय. तुम्हांला खाणीकडची खोली नको, धूळ येते. मागची देतो."

मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, लहानपणी आम्ही तिथे खेळायला जायचो, मग कंपनीने घेतली, पंधरा वर्षं तरी झाली असतील.

मी आभार मानून फोन ठेवला. ताई तीन वर्षांपूर्वी गेली होती.

गॅलरीत बराच वेळ उभी राहिले. नुकताच दिलेला पांढरा रंग. गंजलेला पण फिरणारा कोंबडा. पाणी देणारी मुलगी. निळा कठडा. आईचं झुडूप, खांद्याएवढं. आणि वॉशिंग मशीन, ब्लँकेटं, औषधांचे पाच टक्के, इस्त्री. मी तिला डॉक्टरकडे नेलं होतं.

३ सप्टेंबर
चिडले आहे. टेकडी गेली म्हणून की तीन वर्षं मला खेळवलं म्हणून, ते ठरत नाही. ताईशी कामापुरतं बोलते.

५ सप्टेंबर
आज राग नाही, नुसतं रडू येतंय. तिने झुडूप खांद्याएवढं का वाढवलं असेल? सुकलं म्हणाली असती तरी मी विश्वास ठेवला असता.

९ सप्टेंबर
वारा सकाळी पूर्वेचा.

सकाळी ताई पडद्यांना टीप मारत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "टेकडीचं सांग."

तिने मशीन थांबवलं. माझ्याकडे नीट बघितलं. आमच्यात एवढं पुरतं.

"कुणी सांगितलं?"

"गेस्ट हाउसवाल्याने. एक तारखेला."

"आठ दिवस बोलली नाहीस."

"तू तीन वर्षं बोलली नाहीस."

ती कापडाची घडी करायला लागली, उघडायला लागली, पुन्हा घडी. म्हणाली, "गाडीवाल्याने सोडलं तिथे. मी म्हटलं, इथे नाही रे, टेकडीवर सोड. तो म्हणाला हीच टेकडी. पुढे हा एवढा मोठा खड्डा. खाली ट्रक, दगड फोडायचं यंत्र. मी परतीच्या गाडीत दोन दिवस ठरवत होते तुला कसं सांगायचं. आणि तू दारातच विचारलंस, पेटी आहे का गं? चपला तरी काढू द्यायच्यास. माझ्या तोंडून गेलं, आहे. मग तू विचारत गेलीस आणि मी देत गेले."

"कठडा निळा की हिरवा ते तरी लक्षात ठेवायचंस."

"मला काय माहीत तू जायचं काढशील. पन्नास वर्षं काढलं नव्हतंस. म्हणून ती अट घातली. तर तू ते कार्ड घेऊन आलीस. मग मला दुसरं काय सुचणार? वॉशिंग मशीनच्या दिवशी मुलगी म्हणाली ऑफर घेतली तर पॉइंट नाहीत, आणि मला वाटलं, सुटले."

मला हसू आलं, इतक्या दिवसांनी. "आयुष्यात कधी सूट घेतली नाहीस तू."

"घेताना लाज वाटायची," ताई म्हणाली. "कूपन पुढे करताना मान वर करत नव्हते मी."

मी विचारलं, "सांगितलंस त्यातलं एकही खरं नव्हतं?"

"एक होतं. पण ते सांगितलं नाही. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं." तिने कापड बाजूला ठेवलं. "मी खाणीच्या कडेला उभी होते. यंत्राची सगळी धूळ माझ्या अंगावर येत होती. डोळे चुरचुरत होते, तरी हलवत नव्हतं. आणि मग एकदम धूळ यायची थांबली. बघते तर सगळी पलीकडे चाललेली. माझा रुमाल या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला. मी घड्याळ बघितलं नाही. चादरींची वेळ, कळलंच मला. टेकडी नाही, पेटी नाही, कोंबडा नाही, पण वारा आपला चारला फिरला."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मग मी ओरडले," ताई म्हणाली.

"काय?"

"पश्चिम. तू नव्हतीस ना तिथे. कुणीतरी ओरडायला नको? खालचे ट्रकवाले वर बघायला लागले."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, शाळेतून यायची तेव्हासारखी. तीही रडली. पडद्याचं कापड दोघींच्या मध्ये चुरगळलं, तिने ते ओढूनही घेतलं नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "चारच्या आत कडेपर्यंत पोचायचं तर सकाळचंच विमान लागेल, नाही?"

१४ ऑक्टोबर
वारा पश्चिमेचा, हलका. आकाश निरभ्र.

पॉइंट पुन्हा वर चढतायत. समोरच्यांच्या मेहुण्यांनीही पाण्याची टाकी घेतली, माझ्या कार्डावर. तरी वर्षअखेरीच्या आत थोडे कमीच पडत होते. आज ताई स्वतःहून म्हणाली, चल, बूट घेऊ. तिथली वाट दगडांची आहे, चपलांनी कडेपर्यंत जाता येणार नाही.

बूटवाल्याकडे तिने चार जोड पायांत घातले, टाच दाबून बघितली, शिवण उजेडात धरून बघितली. दोघींना चांगले, महागाचे, गुडघ्यांना सोसतील असे घेतले. काउंटरवर मी कार्ड काढायला पर्समध्ये हात घातला, पण ताईने आपलं कार्ड आधीच पुढे केलं होतं.

मुलीने कार्ड घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. "आजी, तुमचं नशीब चांगलंय. या कार्डावर आजच्या दिवस वीस टक्के सूट आहे. फक्त या खरेदीवर पॉइंट मिळणार नाहीत. लावू ना?"

मी ताईकडे बघितलं. ताई ताठ उभी होती, कपडेखान्यात व्यापाऱ्यांपुढे उभी राहायची तशी.

"सूट नको," ती म्हणाली. "पूर्ण किंमत लाव."